घरगुती डेस्कटॉप डेटा सेंटरमध्ये ठेवून त्यांवर प्रॉक्समॉक्स चालवावे का?

बार्देशी (धागाकर्ता)

म्हापशात आमचा सॉफ्टवेअर सेवेचा लहानसा व्यवसाय आहे. बार्देश आणि डिचोली तालुक्यांतील काही पतसंस्था, शाळा व हॉटेले यांचे हिशेबाचे आणि नोंदणीचे काम आम्ही चालवून देतो. आजवर प्रत्येकाचा सर्व्हर म्हणजे त्याच्याच कार्यालयाच्या कोपऱ्यातला एक डेस्कटॉप होता. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट यांचा जो लपंडाव चालतो, त्याला कंटाळून आता सगळ्यांची यंत्रणा एकत्र करून मुंबईतील एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकमध्ये (सर्व्हर ठेवण्याच्या कपाटात) हलवण्याचा विचार आहे.

प्रश्न यंत्रांचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला, म्हणून एका ग्राहकाने सातव्या पिढीचे कोअर आय७ असलेले संगणक बाजूला काढले आणि ते आम्हाला जवळजवळ फुकट मिळत आहेत. विंडोज ११ त्यांवर अधिकृतपणे चालत नसले तरी प्रोसेसरमधल्या व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी या आभासी संगणकांसाठीच्या दोन्ही सोयी आहेत, मेमरी प्रत्येकी ३२ जीबी आहे, म्हणजे प्रॉक्समॉक्सला, अर्थात एका यंत्रावर अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या प्रणालीला, काही कमी पडू नये. असे तीन संगणक घेऊन क्लस्टर (एकत्र काम करणारा यंत्रसमूह) करावा, एएमडीच्या रायझेन प्रोसेसरचे नवे डेस्कटॉप जुळवावेत, की मुकाट्याने तयार सर्व्हर विकत घ्यावा? "डेटा सेंटरमध्ये डेस्कटॉप शोभत नाही" एवढेच उत्तर विक्रेत्यांकडून मिळाले आहे आणि ते मला पुरेसे वाटत नाही.

अंत्रुजकर

शोभेचा मुद्दा सोडूनच द्यावा. गूगलने १९९९ मध्ये कॉर्कचा थर घातलेल्या एकेका ट्रेवर चार-चार स्वस्त मदरबोर्ड मांडून भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये आपले सर्व्हर चालवले होते, आणि त्यातला एक रॅक आज कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये पाहायला मिळतो. जर्मनीतील हेट्झनर ही कंपनी डेस्कटॉप वर्गातील रायझेन आणि इंटेल कोअर प्रोसेसरांवरचे सर्व्हर आजही भाड्याने देते. प्रॉक्समॉक्सच्या मुळाशी असलेले केव्हीएम हे हायपरव्हायजर (आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) लिनक्स कर्नलमध्ये आले ते २.६.२० या आवृत्तीत, म्हणजे फेब्रुवारी २००७ मध्ये, आणि त्याला प्रोसेसरकडून जी सोय लागते ती डेस्कटॉपमध्ये तेव्हापासून आहे. हायपरव्हायजरला आपण कोणत्या डब्यात बसलो आहोत याचे सोयरसुतक नसते.

परंतु ही उदाहरणे देताना लोक त्यांचा दुसरा अर्धा भाग गाळतात. कोणतेही यंत्र केव्हाही मरेल हे गृहीत धरूनच गूगलचे सॉफ्टवेअर लिहिलेले होते, आणि हेट्झनरची माणसे व सुटे भाग त्याच इमारतीत असतात. आपल्याकडे यांपैकी काय आहे हे आधी पाहावे.

माझी खरी हरकत मेमरीला आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २००३ मध्ये अॅपलचे ११०० पॉवर मॅक जी५ डेस्कटॉप जोडून महासंगणक उभारला आणि त्या नोव्हेंबरच्या टॉप ५०० यादीत तो १०.२८ टेराफ्लॉप्सच्या वेगाने तिसरा आला. तरीही पुढच्याच वर्षी ते सगळे डेस्कटॉप काढून त्यांच्या जागी अॅपलचेच एक्ससर्व्ह हे सर्व्हर बसवण्यात आले, कारण डेस्कटॉपमध्ये ईसीसी (स्वतःच्या चुका ओळखून दुरुस्त करणारी) मेमरी नव्हती आणि मेमरीतला बिट उलटला तर तो कळण्याचा मार्गच नव्हता. गूगलच्या सर्व्हरांवरील मेमरीदोषांचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दर वर्षी ८ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांत किमान एक दुरुस्त करता येण्याजोगा दोष आढळला होता. ईसीसी होती म्हणून ते दोष मोजता तरी आले.

एखाद्या हॉटेलच्या खोल्यांच्या नोंदीत असा दोष आला तर चालवून घेता येईल, परंतु पतसंस्थेच्या ठेवींच्या खतावणीत तो आला तर कोणाला समजणार? झेडएफएस या फाईल साठवण्याच्या प्रणालीची चेकसम (माहिती बिघडली का हे तपासण्याची संख्या) इथे उपयोगी पडत नाही, कारण चेकसम काढण्यापूर्वीच मेमरीत बिघडलेली माहिती ती इमानेइतबारे 'बरोबर' म्हणून लिहून ठेवते. सातव्या पिढीच्या कोअर आय७ मध्ये ईसीसीची सोयच नाही. नव्या डीडीआर५ मेमरी पट्ट्यांच्या खोक्यावर जी 'ऑन-डाय ईसीसी' लिहिलेली असते ती चिपच्या आतल्यापुरती असते. प्रोसेसरपर्यंतच्या वाटेचे रक्षण ती करत नाही आणि झालेल्या चुकांची वर्दीही देत नाही.

मुरगावकर

जागेचा हिशेब कोणी केला आहे का? रॅकमधले एक 'यू' म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. साधारण २० सेंटिमीटर रुंदीचा टॉवर आडवा ठेवला तर पाच यू खातो. उभे ठेवले तर शेजारी-शेजारी दोन मावतात, पण शेल्फ धरून दहा-अकरा यू जातात. म्हणजे ४२ यूच्या अख्ख्या रॅकमध्ये जेमतेम आठ संगणक. डेटा सेंटर भाडे यूप्रमाणे आणि विजेच्या भाराप्रमाणे लावते, त्यामुळे तीन फुकटचे टॉवर पंधरा यू अडवून बसले तर एक यूच्या सर्व्हरची किंमत भाड्यातूनच वसूल होईल.

शिवाय टॉवरमधली हवा कुठून कशीही फिरते, तर रॅकची रचना पुढून थंड हवा आत आणि मागून गरम हवा बाहेर अशी असते. काही डेटा सेंटर टॉवर आतच घेऊ देत नाहीत. करारावर सही करण्यापूर्वी हे लेखी विचारून घ्यावे.

सत्तरीकर

वरचे दोन्ही मुद्दे मान्य आहेत, तरी माझ्या मते बार्देशीबाबांचा निर्णय वेगळ्याच गोष्टीवर ठरायला हवा, आणि ती म्हणजे म्हापसा ते मुंबई हे अंतर. यंत्र शेजारच्या खोलीत असेल तर डेस्कटॉप आणि सर्व्हर यांत व्यवहारात फारसा फरक उरत नाही. यंत्र रात्रभराच्या बसप्रवासावर असेल तर मात्र मदरबोर्डवरची बीएमसी नावाची ती लहानशी चिप प्रोसेसरपेक्षाही मोलाची ठरते. मुख्य यंत्र गोठलेले असो की बंद असो, बीएमसी स्वतंत्र नेटवर्क पोर्टवर जिवंत राहते, स्क्रीनवर काय दिसते ते दाखवते, वीज बंद-चालू करू देते, बायॉसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) शिरू देते आणि म्हापशातल्या लॅपटॉपवरची आयएसओ फाईल (डिस्कची प्रत) तिथल्या यंत्राला डिस्क म्हणून जोडून देते. डेस्कटॉपमध्ये ती नसते.

तिची गरज का पडते, याचे उदाहरण आपण सांगितलेल्या पिढीतच सापडते. त्या काळच्या अनेक बोर्डांवर इंटेलचे आय२१९ हे नेटवर्क कार्ड असते, आणि प्रॉक्समॉक्सखाली भार वाढल्यावर त्याचा ड्रायव्हर 'हार्डवेअर युनिट हँग' अशी नोंद करून जोडणी सोडतो, ही तक्रार प्रॉक्समॉक्स वापरणाऱ्यांत जुनी आणि सुपरिचित आहे. नेटवर्क वेगवान करण्याच्या टीएसओ आणि जीएसओ या सोयी बंद केल्या की बहुधा निभावते. पण लक्षात घ्या, अशा वेळी यंत्र चालू असते, व्हर्च्युअल मशीनही चालू असतात, फक्त तुम्ही बाहेर असता. पहिल्या पिढीचे रायझेन काही बोर्डांवर रिकामे बसले असताना गोठायचे आणि बायॉसमधले 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' बदलल्यावर सुधारायचे. दोन्ही उपाय दोन मिनिटांचे आहेत, मात्र ते करायला कीबोर्ड आणि स्क्रीन समोर लागतात. डेटा सेंटरचा कर्मचारी हे काम करून देतो, पण प्रत्येक वेळचे शुल्क लावतो, आणि चवथीच्या सुट्टीत मध्यरात्री त्याला फोनवरून बायॉसचे पर्याय वाचून दाखवणे ही शिक्षाच आहे.

पर्याय दोन आहेत. कार्यालयीन वर्गाच्या डेस्कटॉपमध्ये इंटेल व्हीप्रो असेल तर त्यातल्या एएमटी या दूरनियंत्रणाच्या सोयीमुळे दूरस्थ स्क्रीन आणि वीजनियंत्रण मिळते. मात्र मे २०१७ मध्ये उघड झालेल्या दोषामुळे पासवर्ड नसतानाही एएमटीमध्ये शिरता येत होते आणि सातव्या पिढीची यंत्रे त्या कक्षेत येतात, म्हणून फर्मवेअर अद्ययावत केल्याशिवाय आणि व्हीपीएनच्या आड ठेवल्याशिवाय ते चालू करू नये. दुसरा पर्याय पायकेव्हीएमसारखे बाहेरचे उपकरण आणि दूरून बंद-चालू होणारा वीजपट्टा. दोन्ही चालतात, पण तीन यंत्रांसाठी ही जोडजंत्री केली की स्वस्ताई बरीचशी संपते.

आणि बायॉसमध्ये 'वीज परत आल्यावर चालू व्हावे' हा पर्याय निवडला आहे की नाही, हे यंत्र गोव्यातून निघण्यापूर्वी तपासावे. डेस्कटॉपमध्ये तो पुष्कळदा बंदच असतो.

झुआरीकाठ

मला हे सगळे थोडे अतिशयोक्त वाटते. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील आमच्या कार्यालयात प्रॉक्समॉक्स डेस्कटॉपांवरच चालते आणि एखादा भाग बिघडला की कपाटातला दुसरा काढून लावतो. सर्व्हरचा एक पॉवर सप्लाय मागवायला जो वेळ जातो, तेवढ्यात डेस्कटॉपचा कोणत्याही दुकानातून आणता येतो. मुंबईचा हट्ट सोडून पणजीत एखादी वातानुकूलित खोली का घेत नाही?

सत्तरीकर

झुआरीकाठ, आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. कपाट शेजारी आहे म्हणून तुमचे निभावते. खोलीबद्दल म्हणाल तर समुद्रकाठची दमट, खारी हवा ही लपून राहणारी अडचण आहे. डेटा सेंटरच्या हवेसाठी जे आयएसए ७१.०४ हे मानक वापरतात, त्याच्या सर्वांत सौम्य, जी१ श्रेणीत तांब्याच्या पट्टीवर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी गंज चढायला हवा. खिडकीतला एसी बाहेरची हवा ओढणाऱ्या खोलीत लावून मिरामारला किंवा वास्कोला ही मर्यादा कशी पाळणार? आणि जनित्र, बॅटऱ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या तारा यांचा खर्च धरला तर रॅकचे भाडे परवडते.

बार्देशी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पणजीचा विचार केला होता, परंतु नेमक्या याच खर्चांमुळे सोडला. दोन पुढचे प्रश्न आहेत. डिस्कसाठी चांगल्या कंपनीचे घरगुती एनव्हीएमई (जलद एसएसडी) पुरतील का? आणि आमच्या एका सहकाऱ्याला व्हीएमवेअर चांगले येते, तर डेस्कटॉपवर त्यांचे ईएसएक्सआय हे हायपरव्हायजर वापरण्यात काही अडचण आहे का?

कुशावती

डिस्कपुरते सांगते. घरगुती एसएसडीवर खोक्यावर छापलेला वेग व्हर्च्युअल मशीनच्या कामात दिसत नाही. डेटाबेस प्रत्येक व्यवहारानंतर 'हे खरोखर लिहिले गेले का' असे डिस्कला विचारतो. सर्व्हरच्या एसएसडीमध्ये वीज गेली तरी हातातले लिखाण पुरे करण्याइतकी ऊर्जा साठवणारे कपॅसिटर असतात, म्हणून ती लगेच होकार देते. घरगुती एसएसडीला खरेच फ्लॅशपर्यंत लिहावे लागते, त्यामुळे एकेका होकाराला वेळ लागतो आणि दहा व्हर्च्युअल मशीन एकदम विचारू लागली की सगळा होस्ट (त्यांना चालवणारे यंत्र) अडखळतो. प्रोसेसर निवांत, मेमरी रिकामी आणि तरी हिशेबाचे सॉफ्टवेअर कासवगतीने, असे चित्र दिसले की बहुतेक वेळा कारण हेच असते.

आयुष्याचा फरकही मोठा आहे. १ टीबीच्या चांगल्या घरगुती एसएसडीची, उदाहरणार्थ सॅमसंग ९९० प्रोची, लेखनमर्यादा ६०० टीबी आहे. रोज एकदा पूर्ण लिहिण्याची हमी असलेली ९६० जीबीची सर्व्हर डिस्क पाच वर्षांत १७५२ टीबी सोसते. त्यात प्रॉक्समॉक्स क्लस्टरची स्थिती आणि नोंदी सतत डिस्कवर लिहीत असतो, आणि वर झेडएफएस असेल तर एका लिखाणाची अनेक लिखाणे होतात. स्वस्त, लवकर झिजणारी क्यूएलसी डिस्क घेऊन तिच्यावर झेडएफएस घालणे तर कोणीच करू नये. पैसे एकाच ठिकाणी खर्च करायचे असतील तर कपॅसिटरवाल्या दोन वापरलेल्या सर्व्हर डिस्क घ्याव्यात, शिल्लक आयुष्य डिस्कच्या स्वतःच्या स्मार्ट अहवालात पाहून, आणि त्यांची मिरर जोडी (एकीची हुबेहूब प्रत दुसरीत) करावी.

अंत्रुजकर

ईएसएक्सआयबद्दल. २०२० मधल्या ७.० आवृत्तीपासून व्हीएमवेअरने जुने लिनक्स-आधारित ड्रायव्हर काढून टाकले, त्यामुळे डेस्कटॉपवर सर्रास आढळणारी रिअलटेक नेटवर्क कार्डे त्याला दिसेनाशी झाली. बाराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल डेस्कटॉपमध्ये मोठे आणि लहान असे दोन प्रकारचे कोअर असतात. ईएसएक्सआय सर्व कोअर सारखे असण्याची अपेक्षा धरते आणि तसे नसले की सुरू होतानाच जांभळा पडदा दाखवून थांबते. कर्नलला पर्याय देऊन किंवा लहान कोअर बंद करून पुढे जाता येते, परंतु ग्राहकाच्या खतावणीखाली असला जुगाड नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यावर परवाने वर्गणीवर गेले. फुकट ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आले. ज्या वस्तूची उपलब्धता अशी मालकाच्या मर्जीवर हेलकावे खाते, तिच्यावर मी नवा व्यवसाय उभारणार नाही. व्हीएमवेअरची जुनी मशीन असतील तर प्रॉक्समॉक्समध्ये २०२४ पासून ईएसएक्सआयमधून थेट आयात करण्याची सोय आहे.

कोणी तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीचे इंटेल कोअर स्वस्तात देऊ केले तर इतिहास विचारल्याशिवाय घेऊ नये. जास्त व्होल्टेजमुळे ती अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, परंतु आधीच झिजलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही. ती तक्रार जोरात पुढे आणणाऱ्यांत हेच प्रोसेसर डेटा सेंटरमध्ये अहोरात्र चालवणारे गेम सर्व्हरवाले होते, हे या धाग्याच्या संदर्भात लक्षणीय आहे.

मुरगावकर

सातव्या पिढीबद्दल एक राहिलेच. ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालेला एल१टीएफ हा दोष त्या प्रोसेसरांत आहे आणि तो नेमका व्हर्च्युअल मशीनांशी निगडित आहे. एका पाहुण्या मशीनमधला दुष्ट प्रोग्राम त्याच कोअरवर चालणाऱ्या दुसऱ्याची माहिती वाचू शकतो. परस्परांना अनोळखी ग्राहक एका होस्टवर ठेवायचे तर हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणे) बंद करावे लागते, म्हणजे आय७ चे आठ थ्रेड चारावर येतात. एएमडीला हा दोष लागू नाही.

विंडोजचा परवाना मोजताना काळजी घ्यावी. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना व्हर्च्युअल मशीनमध्ये नेता येत नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड घेतले तर चार कोअरच्या यंत्रालाही किमान १६ कोअरचे पैसे मोजावे लागतात आणि त्यात दोनच मशीन चालवता येतात. क्लस्टरमध्ये ते मशीन ज्या-ज्या होस्टवर जाऊ शकते, त्या प्रत्येकाला परवाना लागतो. तीन लहान यंत्रांपेक्षा दोन मोठी यंत्रे इथे स्वस्त पडतात.

कुशावती

इतरांना व्हर्च्युअल सर्व्हर पुरवणार असाल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश वाचावेत. सुरक्षेची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवणे हे त्यात आहे. या नोंदींना जागा लागते, ती डिस्कच्या हिशेबात आत्ताच धरावी.

आणि हॉटेलांच्या कॅमेऱ्यांसाठी कोणी जीफोर्स ग्राफिक्स कार्ड सुचवले तर एनव्हीडियाच्या ड्रायव्हर परवान्यात २०१७ च्या अखेरीस आलेली अट पाहावी; त्यानुसार जीफोर्सचा ड्रायव्हर डेटा सेंटरमध्ये वापरता येत नाही.

बार्देशी (धागाकर्ता)

चर्चेवरून पुढचा आराखडा केला आहे, त्यात भोके असतील तर दाखवावीत. एएमडीने मे २०२४ मध्ये आणलेले एपिक ४००४ हे प्रोसेसर डेस्कटॉपच्याच एएम५ सॉकेटमध्ये बसतात आणि ईसीसी मेमरी घेतात, तेव्हा त्या प्रकारचे, बीएमसी असलेल्या सर्व्हर बोर्डांवरचे, एक यूचे दोन होस्ट मुंबईला ठेवायचे. डिस्क कपॅसिटरवाल्या, मिरर जोडीत. क्लस्टर बहुमतावर चालतो, त्याला तिसरे मत हवे म्हणून क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारा साथीदार) आणि त्यासोबत प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, हे जुन्या आय७ पैकी एकावर म्हापशातील कार्यालयात ठेवायचे. मात्र पावसात इथली तार तुटली तर मुंबईचा क्लस्टर थांबेल का?

सत्तरीकर

थांबणार नाही. एकूण तीन मतांपैकी मुंबईची दोन शिल्लक असतात आणि बहुमताला दोनच लागतात. क्लस्टरमधला संवाद सांभाळणाऱ्या कोरोसिंकला स्थानिक नेटवर्कसारखा जलद प्रतिसाद हवा असतो, म्हणून तिसरा होस्ट म्हापशात ठेवून चालले नसते. क्यूडिव्हाइसला ते बंधन नाही. तो साध्या टीसीपी जोडणीवर, व्हीपीएनमधून, दूरूनही मत देऊ शकतो.

धोका फक्त एका जोडीत आहे. म्हापशाची जोडणी तुटलेली असतानाच मुंबईतला एक होस्ट पडला, तर उरलेल्याकडे एकच मत राहते. हाय अव्हेलेबिलिटी (बंद पडलेली मशीन दुसऱ्या होस्टवर आपोआप सुरू करण्याची सोय) चालू असेल तर बहुमत गमावलेला तो धडधाकट होस्ट साधारण मिनिटभरात वॉचडॉग या राखणदार घड्याळामुळे स्वतःलाच रीबूट करतो आणि बहुमत परत येईपर्यंत कोणतेही मशीन सुरू करत नाही. पावसाळ्यात हे अगदीच अशक्य नाही. त्यामुळे एक तर म्हापशात दुसऱ्या कंपनीची जोडणी घ्यावी, किंवा सुरुवातीला हाय अव्हेलेबिलिटी बंद ठेवून केवळ झेडएफएस प्रतिकृती दर पंधरा मिनिटांनी चालवावी आणि मशीन दुसऱ्या होस्टवर हलवायचे की नाही हे माणसाने ठरवावे. तुमच्या आकाराच्या कामाला मी दुसरा मार्ग घेईन. होस्ट पडला तर शेवटच्या प्रतिकृतीनंतरच्या नोंदी जातील, हे पतसंस्थांना आधी सांगून त्यांची लेखी संमती घ्यावी. पंधरा मिनिटे जास्त वाटली तर त्यांच्यापुरती वेळ पाच मिनिटांवर आणता येते.

बॅकअप म्हापशाकडे येताना पाठवणाऱ्याच्याच टोकाला कूटबद्ध करावेत. कूटकिल्लीची प्रत दोन्ही होस्टांच्या बाहेर, कागदावर छापून तिजोरीत ठेवावी. दोन होस्टांना जोडणारी थेट तार वेगळी घ्यावी, बीएमसीचे पोर्ट सार्वजनिक जाळ्यावर उघडू नयेत, आणि दोन्ही यंत्रे मुंबईला रवाना होण्यापूर्वी म्हापशातच काही आठवडे खऱ्या भाराखाली चालवून, चालू असताना एकाची वीज काढून, काय होते ते पाहावे.